तलावात शिरलेला मांगूर : सीनाकाठच्या एका मच्छीमार संस्थेचं प्रकरण

हे प्रकरण सोलापूर जिल्ह्यातल्या सीना नदीकाठच्या एका गावातलं आहे. गाव, संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय घेताना झालेला खल मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. आज जिल्ह्यातल्या अनेक तलावांवर हाच प्रश्न उभा आहे आणि प्रत्येक संस्था तो पहिल्यापासून सोडवत बसते. एका गावाने काय केलं, कुठे अडलं आणि कशामुळे वाट बदलली, हे दुसऱ्या गावाच्या हाती पडावं म्हणून हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर बांधलेला लघुपाटबंधारे तलाव आहे. त्याचा मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे. सभासद बहुतेक भोई आणि कोळी समाजातले. दरवर्षी पावसाळ्यात कटला, रोहू, मृगलची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, विकत आणून सोडायची, दिवाळीनंतर जाळी लावायची आणि उन्हाळ्यात पाणी आटत गेलं की ओढजाळ फिरवायचं, असा वर्षाचा क्रम. त्याशिवाय मरळ, वाम, शिंगाडा हे न सोडता मिळणारे मासे. मरळीला भाव चांगला, त्यामुळे घरखर्चाचा मोठा भाग तिच्यावर निघायचा.

तलावाच्या सांडव्याचं पाणी ओढ्याने सीनेत जातं. सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात कृष्णेला. वरच्या अंगाला भीमा-सीना जोडकालव्यातून उजनी धरणाचं पाणी सीनेत येतं. सीनेवर जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांची दारं टाकली जातात आणि उन्हाळाभर मागे पाण्याचे डोह राहतात. हा भूगोल आधीच सांगितला, कारण पुढचा प्रत्येक निर्णय ह्या पाण्याच्या वाटांवर येऊन थांबला.

तलावाच्या वर, त्याच ओढ्याच्या काठाला, एका शेतकऱ्याचं मातीचं तळं होतं. त्याची डाळिंबाची बाग तेल्या रोगात गेली होती. कर्ज डोक्यावर असताना त्याच्याकडे एक एजंट आला. बी मी देतो, तयार माल मीच उचलतो, तुम्ही फक्त तळं आणि खाद्य बघा, असा सौदा झाला. खाद्य म्हणजे कोंबडीच्या दुकानांतली आतडी आणि पिसं. ते बी मांगूरचं होतं.

हा मासा कोणता

बाजारात ज्याला मांगूर किंवा थाई मांगूर म्हणतात तो मुळात आफ्रिकेतला मासा. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, रुंद चपटं हाडकं डोकं, आणि पाठीवरचा पर डोक्यामागून जवळजवळ शेपटीपर्यंत. कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू घेणारा वेगळा अवयव असल्यामुळे घाण पाण्यात, चिखलात, ओल्या गवतातही तो तग धरतो. पावसाच्या रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातो. पाणी आटलं तर चिखलात घुसून बसतो. खाण्याला विधिनिषेध नाही. मासे, अंडी, बेडूक, खेकडे, किडे, मेलेलं जनावर, सगळं चालतं. वाढ इतकी झपाट्याने होते की काही महिन्यांत विक्रीजोगा होतो, आणि मोकळ्या पाण्यात दीड मीटरच्या पुढेही जातो.

भारतात तो १९९० च्या दशकात बांगलादेशमार्गे चोरून आला. २००० पासून त्याच्या पालनावर बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१८ मधल्या आदेशानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी तळी उद्ध्वस्त करण्यात आली, उजनीच्या काठावरही कारवाया झाल्या. तरी धंदा थांबला नाही. कारण सरळ आहे. खाद्य जवळजवळ फुकट मिळतं, मासा मरत नाही आणि जिवंत विकता येतो.

आपला देशी मागूर ह्याचाच भाऊबंद. तो लहान असतो, क्वचितच किलोभराचा होतो, आणि आता संकटग्रस्त माशांच्या यादीत आहे. मोहीम चालवताना देशी मागूर मारला जाऊ नये, ही काळजी ह्या प्रकरणात शेवटपर्यंत घ्यावी लागली.

अडचण कशी दिसली

ऑक्टोबर २०२० च्या मध्यात जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. भीमा आणि सीना दोन्ही नद्यांना पूर आला. त्या रात्री ओढा पात्राबाहेर गेला आणि डाळिंबवाल्याच्या तळ्याचा बांध वाहून गेला. गावात तेव्हा घरं, जनावरं आणि उभी पिकं वाचवण्याची धावपळ होती. तळ्यातल्या माशांचा विचार कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं.

पुढच्या हंगामात जाळी फाटलेली निघू लागली. रोहू सापडायचा, पण शेपटी तोडलेला. सोडलेल्या बोटुकलीच्या मानाने हाती येणारा माल फारच कमी. पहिला संशय चोरांवर गेला. संस्थेने रात्रीची राखण बसवली, शेजारच्या वस्तीशी वादही झाले. मरळ दिसेनाशी झाली तेव्हा एक म्हातारे सभासद, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, पहिल्यांदा वेगळं बोलले. ‘‘चोर काय फक्त मरळच नेतोय व्हय? आन् बारकी मासळी कुणी खाल्ली?’’

थोड्याच दिवसांत जाळ्यात हातभर लांबीचा, राखट रंगावर काळसर ढग असलेला मासा आला. आप्पांनी तलावाच्या भरावावर पोत्यावर ठेवून त्याचं पोट चिरलं. मी तिथेच होतो. आतून रोहूची चार बोटुकली निघाली, दोन अजून ओळखू येतील अशी आणि दोन अर्धी जिरलेली. खेकड्याचे पाय, बेडकाचं मागचं तंगडं आणि कोंबडीचं एक ओलं पीसही निघालं. तलावात कोंबडीचं पीस कुठून येणार? सगळ्यांची नजर ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली. तळं पुरात फुटलं होतं, पण त्याचा बांध पुन्हा घातला गेला होता आणि धंदा चालूच होता, हे त्या पिसाने सांगितलं. म्हणजे पुराच्या एका रात्रीपुरती ही गोष्ट नव्हती. दर पावसात थोडे-थोडे मासे खाली येत होते.

समोर असलेले पर्याय

संस्थेच्या बैठकीत पहिला सूर असा होता की काही करू नये. जुन्या सभासदांचा मुद्दा ऐकण्यासारखा होता. चिलापीसुद्धा (तिलापिया) बाहेरचीच. ती १९५२ मध्ये भारतात आणली गेली. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) १९५९ मध्ये आले. आज उजनीवर हजारो कुटुंबं चिलापीवर जगतात. मग मांगूरच धरू आणि विकू, आखाडात तर मागणी असतेच.

ह्या मुद्द्यावर बराच वेळ खर्च झाला आणि तो व्हायला हवा होता. चिलापीनेही देशी माशांची जागा खाल्लीच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चिलापी मुख्यतः शेवाळ आणि बारीकसारीक खाऊन वाढते, तर मांगूर शिकारी आहे. संस्था दरवर्षी पैसे मोजून जी बोटुकली सोडते, तीच तो खातो. म्हणजे संस्था स्वतःच्या पैशाने त्याला चारा घालत होती. शिवाय चिलापी विकायला बंदी नाही, मांगूरला आहे. बंदीचा मासा विकताना पकडलं गेलं तर ठेका धोक्यात. हा हिशेब मांडल्यावर ‘काही करू नये’ हा पर्याय मागे पडला.

दुसरा पर्याय तलावात औषध टाकण्याचा. एका तरुण सभासदाने तो गंभीरपणे मांडला. मत्स्यबीज केंद्रांत तळं तयार करताना मोहाची पेंड वापरतात, हे त्याने पाहिलं होतं. पेंडीतल्या द्रव्याने मासे मरतात आणि दोन-तीन आठवड्यांनी तिचंच खत होतं. पण प्रमाण पाहा. एक हेक्टर पाणी एक मीटर खोल असेल तर दोन ते अडीच हजार किलो पेंड लागते. पूर्ण तलावाला ते परवडणारं नाही, आणि परवडलं तरी सार्वजनिक पाण्यात विष घालणं १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा आहे. त्या पाण्यावर गावची जनावरं येतात, खालच्या विहिरी पाझरतात. तलावापुरता हा पर्याय तिथेच मिटला. शेतकऱ्याच्या तळ्यासाठी मात्र तो पुढे कामी आला.

तिसरा, उन्हाळ्यात तलाव पूर्ण उपसणं. चौथा, फक्त जाळी आणि गळ लावून मासा सतत काढत राहणं. पाचवी सूचना मरळीची बोटुकली भरपूर सोडावी आणि शिकाऱ्यावर शिकारी घालावा अशी होती. मांगूर बोटुकलीला सोडत नाही हे पोट चिरल्यावर दिसलंच होतं, म्हणून ती लगेच बाजूला पडली.

पहिला निर्णय : आधी उगम की आधी तलाव

तरुणांचं म्हणणं होतं, तक्रार करा, पंचनामा होऊ द्या, तळं बुजवलं जाईल. आप्पा आणि अध्यक्ष ह्याला तयार नव्हते. शेतकरी गावचाच, नात्यातला. धाड पडली तर तो घाबरून एका रात्रीत तळं ओढ्यात सोडून देईल, ही त्यांची भीती होती. ही भीती खरी असते. पकडलं जाण्याच्या धास्तीने मासे ओढ्या-नाल्यांत सोडून दिले की कारवाईनेच प्रसार वाढतो.

शेवटी अध्यक्ष आणि आप्पा त्याच्या घरी गेले. बोलणं अध्यक्षांच्या तोंडून मी नंतर ऐकलं. शेतकरी म्हणाला, ‘‘आण्णा, मला मासा कुठला हाय ते काय ठावं? त्यो म्हणला मागूर, मी म्हणलं मागूर. बाग गेल्यावर बँकेचा हप्ता कशातून भरू?’’ अध्यक्षांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. हा माल सापडला तर गुन्हा तुझ्या नावावर, एजंट हात वर करणार. आणि तळं बंद केलंस तर त्याच तळ्यात कटला-रोहू-मृगल वाढवायला संस्था पहिलं बी देईल.

तो तयार झाला, पण एक अट घातली. तळ्यातला माल एजंटला शेवटचा विकू द्या. इथे संस्थेत फूट पडली. माल विकू दिला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी तळ्यात जिवंत जाणार. नाही म्हटलं तर शेतकऱ्याचा सगळा खर्च बुडणार आणि बोलणी मोडणार. मत्स्यव्यवसाय विभागातल्या एका अधिकाऱ्याचा सल्ला घेतला. त्यांनी स्पष्ट सांगितलं की एकही मासा जिवंत तळ्याबाहेर जाता कामा नये. मग संस्थेने आपल्या निधीतून शेतकऱ्याला काही रक्कम द्यायचं ठरवलं. काही सभासदांना हे पटलं नाही. ज्याने नुकसान केलं त्यालाच पैसे का? त्यांच्या जागी मी असतो तर मलाही सल लागली असती. तरीही हा निर्णय योग्य होता असं माझं मत आहे. त्या रकमेपेक्षा एका हंगामातली खाल्ली गेलेली बोटुकली महाग होती.

तळं कसं बंद केलं

२०२२ च्या उन्हाळ्यात, रोहिणीच्या आधी, काम उरकलं. तळं साधारण वीस गुंठ्यांचं, पाणी दीड मीटर. भरल्या पाण्यात पेंड टाकली असती तर सहाशे ते साडेसातशे किलो लागली असती. आधी मोटर लावून पाणी अर्ध्या मीटरवर आणलं, तेव्हा दोनशे-अडीचशे किलोंत भागलं. उपसलेलं पाणी ओढ्यात न सोडता शेताच्या पलीकडच्या बांधबंदिस्त वावरात सोडलं. मोटरच्या तोंडाला बारीक जाळी, आणि ती जाळी बघायला दोन माणसं सतत उभी. मांगूरची नखाएवढी पिलंसुद्धा पाइपातून निघून गेली असती तर सगळी मेहनत वाया.

पेंड रात्रभर भिजवून सकाळी पाण्यावर सारखी पसरली. मासे वर आले तसे काढले आणि अधिकाऱ्यांच्या समक्ष पंचनामा करून लांबच्या खड्ड्यात चुना टाकून पुरले. पाणी आटल्यावर गाळ उन्हात पडू दिला. काही मासे गाळात घुसले होते, ते फावड्याने उकरून काढावे लागले. चिखल भेगाळेपर्यंत तळं कोरडंच ठेवलं.

दुसरा निर्णय : पकडलेल्या मांगूरचं काय करायचं

तलावातली मोहीम त्याच वेळी सुरू झाली आणि सगळ्यात मोठा वाद इथे झाला. मासेमारीवर पोट असलेल्या माणसाला दोन-तीन किलोचा मासा हातात आल्यावर तो पुरा म्हणणं सोपं नाही. विकू दिलं तर त्याला गिऱ्हाईक तयार होतं, आणि गिऱ्हाईक असलं की कुणीतरी पुन्हा तळं काढणार. संस्थेने विक्री बंद ठेवली आणि निधीतून किलोमागे मोबदला ठरवला.

सुरुवातीला हे छान चाललं. मग वजनाचे आकडे तलावाच्या मानाने फार मोठे येऊ लागले. चौकशी केली तर काही जण सीनेच्या बंधाऱ्यातल्या डोहातून मांगूर धरून आणत होते. त्यात त्यांची चूक नव्हती. मासा तोच, मेहनत तीच. पण निधी तलावासाठी होता. त्याहून मोठा धोका असा, की किलोवर पैसे मिळतात म्हटल्यावर मासा वाढू देण्यातच कुणाचा तरी फायदा होऊ शकतो. महिन्याच्या आतच पद्धत बदलली. किलोऐवजी रात्रीची हजेरी. जाळं लावणाऱ्याला ठरलेली हजेरी, मासा मिळो न मिळो. पकडलेला प्रत्येक मांगूर संस्थेच्या हिशेबात, लांबी मोजून, वहीत लिहून. ह्या वहीचा पुढे मोठा उपयोग झाला, कारण मोठे मासे कमी होत चालले आहेत की फक्त आपण दमतो आहोत, हे तिच्यातून कळायचं.

लहान मांगुरांबाबत वेगळा नियम केला. वीतभर मासा देशी की परदेशी हे भरावावर उभं राहून कुणीही ठामपणे सांगू शकत नाही. अभ्यासक डोक्यामागच्या हाडाचा आकार पाहून ठरवतात. म्हणून शंका असलेले लहान मासे पिंपात जिवंत ठेवायचे आणि जाणकार पाहीपर्यंत मारायचे नाहीत. पिंपात हवा घालायची गरज नव्हती, हे मासे वर येऊन श्वास घेतात. पिंपाला झाकण मात्र दगड ठेवून घट्ट लावावं लागायचं.

तिसरा निर्णय : तलाव उपसायचा का

मे महिन्यात पाणी मृतसाठ्यापाशी आलं. दोन दिवस मोटरी लावल्या असत्या तर तळ दिसला असता. तरुणांचा आग्रह होता. शेतकऱ्यांनी विरोध केला. उरलेलं पाणी जनावरांचं आणि गावच्या विहिरीच्या पाझराचं होतं. पाऊस लांबला तर? संस्थेने उपसा न करायचं ठरवलं. मासेमारांच्या प्रश्नासाठी गावाचं पाणी घालवलं असतं तर पुढच्या कुठल्याच कामाला गाव उभं राहिलं नसतं.

त्याऐवजी ओढजाळ वारंवार फिरवलं आणि काठाला रात्रभर गळ लावले, आमिष म्हणून कोंबडीची आतडी. कौशल्य लागलं ते जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकाच्या आकारात. बारीक आसाचं वडाप जाळं लावलं असतं तर मांगूर जास्त आला असता, पण त्यासोबत सगळी बारकी मासळी गेली असती. ती वाचवण्यासाठी तर हा सगळा खटाटोप. वडापला बंदी कायम ठेवली.

चढणीच्या रात्री

सगळ्यात जास्त फळ मिळालं ते मात्र पावसाच्या पहिल्या दिवसांत. मृगाचा मोठा पाऊस झाला की नवं पाणी ओढ्याने तलावात शिरतं आणि मासे त्या प्रवाहाच्या उलट वर जायला बघतात. ह्याला चढणीचा मासा म्हणतात, हे काठावरच्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. मांगूरही त्याच वेळी, रात्री, नुकत्याच बुडालेल्या उथळ गवतात अंडी घालतो. किलोभराच्या मादीत अंडी हजारांच्या घरात असतात आणि उबदार पाण्यात एक-दीड दिवसात फुटतात. म्हणजे त्या दोन-चार रात्री मोठी मादी सापडली तर वर्षभराची जाळी वाचतात.

आप्पांनीच हे सुचवलं. ओढ्याच्या तोंडाला गुडघाभर पाण्यात, हातात विजेरी आणि फेकजाळं घेऊन माणसं पहाटेपर्यंत उभी राहिली. रोहू, मृगल, मरळ, वाम हाती आली की तशीच पाण्यात परत. मांगूर तेवढा पोत्यात. एरवी चढणीचा मासा धरणं म्हणजे पुढच्या वर्षीचं बी खाणं. इथे त्याच जागेवर, त्याच वेळी निवडून मासेमारी केली. ह्यासाठी हाताला सवय लागते, कारण अंधारात, वाहत्या गढूळ पाण्यात मासा ओळखायला क्षणभरच मिळतो.

सांडव्याला जाळी लावून खाली जाणारे मासे अडवावेत अशीही सूचना होती. पाटबंधारे शाखेच्या अभियंत्याने ती नाकारली आणि कारण पटलं. पुराच्या वेळी जाळीवर काटक्या-गवत साठून पाण्याची फूग वाढली तर भरावालाच धोका. जाळी मग फक्त ओढ्यावर, जुन्या तळ्याच्या खाली, लहान प्रवाहाच्या जागी लावली.

बोटुकली सोडण्याची पद्धतही बदलली. पूर्वी बोटभर मासा आला की त्याच दिवशी सोडायचे. आता काठाला हापे, म्हणजे बारीक जाळीचे पिंजरे, बांधून त्यात वाढवतात आणि दहा सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावरच मोकळ्या पाण्यात सोडतात. खाद्याचा खर्च वाढला, पण जगण्याचं प्रमाण सुधारलं.

काय झालं

२०२३ च्या सुरुवातीला वहीतल्या मांगूरची लांबी कमी झाली होती. मोठे मासे क्वचित, मधले काही. रोहू-मृगलचा माल सुधारला. मरळीची पिलं काठाला पुन्हा दिसू लागली.

मग २०२३ चा पावसाळा ओढून गेला. उजनीही तेव्हा पूर्ण भरली नव्हती. २०२४ च्या उन्हाळ्यात तलाव तळाला गेला आणि जे संस्थेने ठरवून केलं नव्हतं ते दुष्काळाने केलं. गाळ उकरताना त्यात घुसलेले मांगूर सापडले. त्यामुळे सुधारणा किती मोहिमेमुळे आणि किती दुष्काळामुळे, हे वेगळं काढता येत नाही. संस्थेचे लोक श्रेय मोहिमेला देतात. मला वाटतं, मोठ्या माद्या आधीच गेलेल्या होत्या म्हणून दुष्काळाचा घाव खोल बसला.

२०२४ मध्ये पाऊस चांगला झाला. तलाव भरला, नवी बोटुकली सोडली, हंगाम बरा गेला.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. नदीचं पाणी ओढ्याने मागे फिरलं आणि त्याच्या फुगेतून, सांडव्याच्या पायथ्याच्या डबक्यांतून, मांगूर पुन्हा तलावात पोहोचला. पाणी ओसरल्यावर लावलेल्या पहिल्याच जाळ्यात तो होता. हे मासे डाळिंबवाल्याच्या तळ्यातले नव्हते. ते तळं तेव्हा कटला-रोहूचं होतं. हे नदीतले होते, बंधाऱ्यांमागच्या डोहांत रुजलेले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, चोरांच्या संशयात गेलेला हंगाम. फाटलेली जाळी आणि शेपटी तुटलेले मासे दिसताच दोन-चार माशांची पोटं चिरली असती तर राखणीचा खर्च आणि शेजारच्या वस्तीशी झालेलं वैर दोन्ही टळलं असतं. माल अचानक घटला की आधी पोट तपासायचं, हा नियम संस्थेने आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

दुसरं, मासे विकणाऱ्या बायका सुरुवातीच्या एकाही बैठकीला नव्हत्या. बाजारात कोण मांगूर घेतं, कोणता व्यापारी तो जिवंत टाकीतून आणतो, कोणत्या तळ्यांवरून आणतो, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. एका मावशीने नंतर सहज बोलता बोलता शेजारच्या तालुक्यातली दोन तळी सांगितली. ही माहिती पहिल्या महिन्यात हाती आली असती तर उगम एकच आहे ह्या समजुतीवर योजना आखली गेली नसती.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, नदीचा विचार फार उशिरा झाला. किलोचा मोबदला लागू असताना लोक डोहांतून मांगूर आणत होते, तेव्हाच नदीत तो किती आहे हे कळलं होतं. ती माहिती फक्त गैरवापर म्हणून पाहिली गेली आणि पद्धत बदलून विषय संपवला. खरं तर त्याच वेळी खालच्या-वरच्या गावांतल्या संस्थांना बोलवायला हवं होतं. उन्हाळ्यात बंधाऱ्यांमागे पाणी अगदी थोडं उरतं, सगळा मासा त्या डोहांत गोळा होतो. चार-पाच बंधाऱ्यांवर एकाच आठवड्यात जाळी फिरली असती तर एका तलावावरच्या वर्षभराच्या कष्टाहून जास्त मांगूर निघाला असता.

शेतकऱ्याला मोबदला देण्याचा निर्णय मात्र मी आजही बदलणार नाही. त्याने नंतर एजंटचा माग सांगितला, आणि त्याच एजंटकडून बी घेतलेल्या आणखी एका माणसाला स्वतः जाऊन समजावलं. गुन्हा दाखल झाला असता तर तो हे बोललाच नसता.

सध्या सीनेवरच्या तीन गावांच्या संस्था बोलत आहेत. एका गावाला हजेरीचा खर्च परवडत नाही, दुसऱ्याचं म्हणणं डोहावर त्यांचा हक्क नाही, तिथे कुणीही जाळं लावतं. ठरलं आहे ते एवढंच, की बंधाऱ्यांची दारं निघण्याआधी, रोहिणीत, तिन्ही गावांनी एकाच आठवड्यात डोह ओढायचे. वडाप लावायचं नाही, वही तिघांची एक ठेवायची, आणि देशी मागूर सापडला तर तो पिंपातून थेट ह्या तलावाच्या वरच्या, आता मांगूर नसलेल्या तळ्यात सोडायचा. त्या तळ्याचा मालक, डाळिंबवाला, ह्याला कबूल झाला आहे.